पाऊस आडवा कापणारा रस्ता

मुंबई ते नागपूर हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला, तेव्हा बातम्यांत आणि कौतुकात एकच आकडा पुन्हा पुन्हा येत राहिला : आठ तास. रस्त्याची किंमत वाचलेल्या वेळात मोजण्याची ही रीत मालवाहतुकीला, दवाखान्यात न्यायच्या रुग्णाला, मुलाखतीला निघालेल्या मुलाला अगदी लागू आहे. तिच्याशी भांडण असायचं कारण नाही. घोटाळा होतो तो सुट्टीच्या दिवशी. ज्या दिवशी कुठेही पोचायची घाई नसते, त्या दिवशीही आपण तीच मोजपट्टी लावतो आणि किती तासांत पोचलो हे अभिमानाने सांगतो. मधला रस्ता म्हणजे पार पाडायची कटकट. मग लोणावळा, महाबळेश्वर, माळशेज, ताम्हिणी अशा ठरलेल्या पाच-दहा जागांवर अख्खं शहर एकाच सकाळी जाऊन आदळतं, धबधब्यापेक्षा गाड्यांची रांग जास्त वेळ बघतं आणि भाजलेलं कणीस खाऊन परत येतं. मोकळा दिवस आणि गाडी हाताशी असेल तर ठिकाणाचा नाद सोडून रस्त्यालाच जावं, असं माझं म्हणणं आहे. तोही अरुंद, गावागावांतून वळत जाणारा. आणि तो निवडताना हिरवळ कुठे जास्त आहे हे न बघता पाऊस कुठे बदलतो हे बघावं. डोळ्यांना सुख तर मिळतंच, पण आपला मुलूख जसा आहे तसा का आहे हेही त्या रस्त्यावर उलगडतं, आणि ते उलगडलं की बघण्याची गोडी वाढते.

आधी या रस्त्यांची ओळख करून घेऊ. सरकारी उतरंडीत वरून खाली राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग असे पाच प्रकार येतात. महाराष्ट्रात सगळे मिळून तीन लाख किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत. त्यातले राष्ट्रीय महामार्ग साधारण अठरा हजार किलोमीटर. बातम्या त्यांच्याच होतात, पण राज्याचा खरा पसारा खालच्या तीन पायऱ्यांवर आहे. कडेचे किलोमीटरचे दगड पाहिले तर आपण कोणत्या पायरीवर आहोत ते कळतं : पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य महामार्गाचं, काळं किंवा निळं जिल्हा मार्गाचं आणि नारिंगी गावरस्त्याचं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची डांबरी पट्टी सहसा पावणेचार मीटरची, कधी तीनच मीटरची असते. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाला निदान एका बाजूची चाकं मुरमाच्या साइडपट्टीवर उतरवावीच लागतात. ही अडचण खरी आहे. पण या रुंदीतच रस्त्याचा सगळा स्वभाव आहे. महामार्ग आखणारा इंजिनिअर सरळ रेषेतून सुरुवात करतो आणि आड येणारा डोंगर फोडतो, खोलगट जागा भरून काढतो. गावरस्ता बहुतेक वेळा जुन्या गाडीवाटेवर नाहीतर पाणंदीवर खडी आणि डांबर पडून तयार झालेला असतो. चांगली काळी जमीन रस्त्याला द्यायला कुणी तयार नसतं, म्हणून तो बांधाबांधाने जातो. खडक फोडायला पैसा नसतो, म्हणून टेकडीला वळसा घालतो. ओढ्यावर पुलाऐवजी फरशी असते. त्याच्या प्रत्येक वळणामागे काहीतरी कारण असतं : विहीर, देऊळ, कुणाची तरी हद्द, एखादं जुनं झाड. महामार्गावरून जाताना आपण एक तर भरावावर असतो आणि खाली घरांची छपरं दिसतात, नाहीतर खोदाईत असतो आणि दोन्ही बाजूंना कापलेला खडक. समृद्धी महामार्ग 392 गावांच्या शिवारातून गेला आहे. त्यातल्या एकाही गावाचा पार गाडीतून दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि तिथे साधं गणितच पुरतं. ताशी 120 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 33 मीटर जाते, म्हणजे रस्त्याकडेचं शंभर मीटर लांबीचं शेत तीन सेकंदांत मागे पडतं. ताशी 35 ने तेच शेत दहा सेकंद सोबत राहतं. तीन सेकंदांत डोळ्याला रंग कळतो. दहा सेकंदांत पीक कळतं, त्यातलं तण कळतं, ठिबकच्या नळ्या दिसतात, कडेला बसलेली बाई खुरपतेय की काढणी करतेय हेही कळतं. शिवाय वेग वाढला की चालकाची नजर आपोआप लांबवर खिळते आणि कडेचं सगळं नुसतं वाहत जातं. ते सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे, फक्त मग त्याला निसर्ग पाहणं म्हणू नये. हळू जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे थांबता येतं. महामार्गावर थांबणं हा गुन्हा असतो. गावरस्त्यावर साइडपट्टी रुंद दिसली की गाडी कडेला घेता येते.

आता पाऊस आडवा कापण्याची गोष्ट. यासाठी सातारा जिल्ह्याइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, पूर्व टोकाला माण तालुक्यातलं म्हसवड. सरळ रेषेत अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हसवडच्या बाजूला सुमारे पाचशे. म्हणजे एका जिल्ह्यात, एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत, पावसात दहापटींचा फरक. कारण शाळेच्या भूगोलातलंच आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीची भिंत चढताना थंड होतात आणि पाणी टाकून मोकळे होतात. पूर्वेला उतरणाऱ्या हवेत थोडंच उरतं. पण पुस्तकातला पर्जन्यछायेचा प्रदेश आणि गाडीच्या काचेतून तासातासाला बदलत जाणारा प्रदेश यांत फार अंतर आहे. महाबळेश्वरहून पाचगणी, वाई, वाठार स्टेशन, फलटण आणि मोगराळे घाटाने दहिवडी असं करत म्हसवडला जाणारा एक दिवसाचा मार्ग हे अंतर पार करतो. या मार्गाचे काही तुकडे आज राज्य महामार्ग आहेत, त्यामुळे जिथे जमेल तिथे शेजारच्या गावरस्त्यावर उतरावं.

महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जमीन लाल आहे. खालचा सगळा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळा. पण माथ्यावर अतिपावसाने झिजून तयार झालेल्या जांभ्याची टोपी आहे. पाचगणीचं टेबललँड म्हणजे तीच टोपी. तांबड्या मातीत, थंड हवेत स्ट्रॉबेरी येते. ऑगस्ट-सप्टेंबरात रोपं लावतात, आणि थंडी सुरू झाली की मल्चिंगच्या प्लास्टिकवर लाल फळं दिसू लागतात. इथलं जंगल जांभूळ, हिरडा आणि अंजनीचं. पाचगणीत त्यात साहेबाने आणलेले सिल्व्हर ओक मिसळले. पाचगणी महाबळेश्वरापासून वीस किलोमीटरच्या आतच आहे, पण पाऊस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. वर्षभर दवाखाने आणि निवासी शाळा चालवायला हीच जागा का निवडली असेल ते तिथेच समजतं. पुढे पसरणी घाट उतरू लागलं की समोरच्या डोंगरांच्या पायऱ्या दिसतात. एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांमुळे झालेल्या या पायऱ्या सगळ्या सह्याद्रीत आहेत, पण एकाच नजरेत त्या इथल्यासारख्या क्वचित मोजता येतात. खाली वाई. इथे पाऊस हजाराच्या आत आलेला असतो, पण उणीव कृष्णा भरून काढते. धोम धरण, कालवे, ऊस, हळद, गहू. इथलं शेत पावसाचं नाही, नदीचं आहे.

हा रस्ता सहलीचा म्हणूनही जुना आहे. पुण्याहून साताऱ्याकडे रेल्वे आली तेव्हा महाबळेश्वरला जाणारे लोक वाठार स्टेशनवर उतरत आणि तिथून टांग्याने वाई, पाचगणी करत वर चढत. आज आपण उलट दिशेने जातोय एवढंच. वाईहून पुणे-सातारा महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडांची कमान होती आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे. अशा कमानी शोभेसाठी लावलेल्या नसत. बैलगाडीचा दिवसाचा पल्ला लहान, त्यामुळे सावली ही तेव्हाच्या रस्त्याची गरज होती, आणि वडाची जाड फांदी रोवली की ती जगते, म्हणून वड. आजच्या चालकाला सावली लागत नाही, काचा बंद करून तो एसी लावतो, आणि म्हणूनच वड तोडणं त्याला जड जात नाही.

महामार्ग ओलांडून वाठारच्या बाजूला गेलं की झाडं विरळ होत जातात आणि आकाश मोठं होतं. हा कोरेगाव तालुका : खरिपात घेवडा, सोयाबीन, आलं, रब्बीत ज्वारी. इथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. माती काळी झालेली असते, विहिरी खोल झालेल्या असतात, आणि घरांच्या छपरांवर नजर ठेवली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पश्चिमेकडची जुनी घरं उतरत्या कौलांची. जसजसं पूर्वेला जावं तसा छपराचा उतार कमी होत जातो आणि माणदेशात जुनी घरं चक्क सपाट, मातीच्या माळवदाची. पावसाच्या नोंदी कुणी दिल्या नाहीत तरी छपरांचा कोन बघून अंदाज बांधता येईल. आता दोन्हीकडे सिमेंटचा स्लॅब आणि पत्रा आल्यामुळे ही खूण पुसट झाली आहे, पण गावठाणातून जाणाऱ्या रस्त्यावर अजून सापडते. महामार्ग गावठाणातून जात नाही, त्यामुळे तिथे ती सापडण्याचा प्रश्नच नाही.

यानंतर महादेवाच्या डोंगररांगा ओलांडून नीरेच्या खोऱ्यात उतरायचं, आणि इथे आतापर्यंत केलेला सगळा अंदाज कोसळतो. फलटण वाईपेक्षा कोरडं आहे, तरी शहराच्या उत्तरेला मैलोन्‌मैल ऊस. ब्रिटिश काळातलं भाटघर धरण आणि नीरेचा उजवा कालवा यांची ही करामत. कालव्याच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला, चढावर, माळ. डोळ्यांदेखत रेघ ओढल्यासारखा फरक. पुस्तकात सिंचनावर कितीही वाचलं तरी ही रेघ पाहिल्याशिवाय पाण्याच्या राजकारणाची धग कळत नाही. कालवा कुठून न्यायचा यावर मंत्रिपदं का पणाला लागतात, आमदार एकमेकांच्या जिवावर का उठतात, याचं उत्तर या रेघेत आहे. फलटणमधूनच ज्ञानेश्वरांची पालखी पंढरपूरकडे जाते, आणि तो पालखी मार्ग आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. वारकऱ्यांना प्रशस्त जागा मिळाली, ती मिळायला हवीच होती. उरलेल्या अकरा महिन्यांत मात्र तो इतर महामार्गांसारखाच एक महामार्ग आहे. आपला रस्ता तिथे दक्षिणेकडे वळतो.

मोगराळे घाट चढून वर गेलं की माण. लोकांना इथे बघण्यासारखं काही नाही असं वाटतं, आणि माझ्या मते या सगळ्या मार्गातला सर्वांत बघण्यासारखा भाग हाच आहे. बाभूळ, लिंब, बोर, तरवड. बाजरी आणि शाळू. म्हशी कमी होतात, खिलार जनावरं दिसतात, मग मेंढ्या. हिरवं कमी असल्यामुळे जमिनीचा आकार उघडा पडतो. कुठे ओढा वाहत असे, कुठे माती धुपून गेली, कुणी बांध घातला, कुणी सोडून दिला, सगळं दिसतं. डोंगरउतारांवर फणीने केस विंचरावेत तशा आडव्या रेघा दिसल्या तर ते सलग समतल चर आहेत. उतारावरून धावणारं पाणी अडवून जिरवायला गावकऱ्यांनी हाताने खोदलेले. 2016 साली सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिल्याच वर्षी पहिलं आलेलं वेळू गाव कोरेगाव तालुक्यातलं, आणि 2018 ला पहिलं आलेलं टाकेवाडी माण तालुक्यातलं. जिल्ह्याच्या याच बाजूला ही चढाओढ का पेटली ते वाटेत पाहिलेल्या पाचशे मिलिमीटरमुळे आपोआप समजतं. अलीकडे उपसा योजनांमधून कृष्णेचं पाणी खटाव-माणमध्ये चढवलं जातंय, आणि त्यामुळे माळावर मधूनच उसाचा हिरवा तुकडा दिसतो, शेततळ्याचं निळं प्लास्टिक चमकतं, डाळिंबाच्या बागा दिसतात. म्हणजे पावसाने आखलेला नकाशा पंपांनी बदलायला घेतला आहे. तो चांगला बदलतोय की वाईट, यावर मतं वेगळी असू शकतात. पण मत बनवायला आधी तो दिसायला हवा. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' 1955 साली या मुलखावरच लिहिली. मराठी साहित्यातलं एक फार मोठं पुस्तक हिरवळ नसलेल्या जागेतून आलं, ही गोष्ट धबधब्यांच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी थोडी मनावर घ्यावी.

निसर्ग म्हणजे हिरवं आणि ओलं, ही समजूत आपल्यात फार रुजली आहे. तिच्यात दोष असा, की तिच्यामुळे बघणं एका बिंदूवर थांबतं. धबधबा सुंदर असतो, पण दहा मिनिटांनी तो तसाच असतो. पाऊस आडवा कापणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक दृश्य आधीच्या दृश्याची तुलना मागतं, आणि तुलना करू लागलं की कारण शोधावंसं वाटतं. वाईचा ऊस आणि फलटणचा ऊस एकाच रंगाचा असतो, पण एक नदीकाठचा आणि दुसरा कालव्याचा आहे हे कळलं की दोन्ही दृश्यं वेगळी होतात. या अर्थाने आडरस्त्यावरचं फिरणं हे वाचनासारखं काम आहे, आणि ते काम आहे म्हणूनच कंटाळा येत नाही. धबधब्याला एकदा गेलेला माणूस पुढच्या वर्षी दुसरा धबधबा शोधतो. शाळू कापायच्या दिवसांत माणमध्ये गेलेला माणूस पुन्हा पेरणीच्या दिवसांत जाऊ शकतो, आणि त्याला वेगळं काही दिसतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : गाव हे काही प्रदर्शन नाही. शहरातली माणसं चकचकीत गाडीतून येणार, दुसऱ्याच्या कष्टांना देखावा म्हणणार आणि फोटो काढून जाणार. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. पण तो आणखी खोल नेला तर माझ्याच बाजूला येतो. ज्या रस्त्यावरून आपण जातो तोच बघा. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात लाखो माणसं सरकारी कामांवर होती. 1973 च्या उन्हाळ्यात हा आकडा पन्नास लाखांच्या आसपास गेला. ती काय करत होती? पाझर तलाव, बांध आणि रस्ते. बायका-माणसं उन्हात बसून हातोडीने खडी फोडत होती, मुलांना सुकडी मिळत होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, आणि पुढे देशाच्या 2005 च्या कायद्याला तोच आधार ठरला. म्हणजे कोरड्या पट्ट्यातल्या कितीतरी गावरस्त्यांच्या डांबराखाली उपाशी माणसांनी फोडलेली खडी आहे. नुसता देखावा बघायला आलेल्याला हे दिसणार नाही, हे खरं. पण महामार्गावरून जाणाऱ्याला तर ते कधीच दिसणार नाही. कष्टांकडे पाठ फिरवून ते बघणं टाळता येतं, त्याने कष्टांचा मान राहत नाही. प्रश्न बघावं की नाही हा नाही, कसं बघावं हा आहे.

आणि कसं, याला काही अगदी साधी उत्तरं आहेत. पाणवठ्यावरच्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. शेतात शिरून हरभरा उपटू नये. लोकांना हे चोरी वाटत नाही, गंमत वाटते, पण ज्याचं शेत आहे त्याला ती चोरीच वाटते. मेंढरांचा कळप समोर आला की हॉर्न दाबू नये. गाडी बंद करून उभं राहावं, कळप दोन्ही बाजूंनी आपोआप निघून जातो. काढणीच्या दिवसांत काही शेतकरी हुलगा किंवा सोयाबीन डांबरावर पसरतात. शेतात खळं उरलेलं नसतं आणि चाकांखाली मळणी फुकटात होते. दुचाकीस्वारासाठी हे धोक्याचं आहे आणि त्याचं समर्थन करता येणार नाही. पण चारचाकीवाल्याने त्यावर चिडायचंही कारण नाही; वेग कमी करून जायचं. दुपारचं जेवण सोबत नेलेल्या पाकिटातून उरकण्यापेक्षा गावातल्या खानावळीत घ्यावं. पैसे गावात राहतात आणि बाजरीची भाकरी मिळते, दोन्ही बाजूंनी फायदाच.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांच्या बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. तुम्हाला अरुंद, वळणाचा, वडांच्या सावलीचा रस्ता हवा. आम्हाला रुंद रस्ता हवा. रुग्णवाहिका लवकर यावी, उसाचा ट्रक उलटू नये, भाजीचा टेम्पो वेळेत मार्केट यार्डात पोचावा. यात वाद घालण्यासारखं काही नाही. 25 डिसेंबर 2000 रोजी ग्रामसडक योजना सुरू झाली तेव्हा सपाट भागात 500 आणि डोंगराळ भागात 250 लोकवस्तीच्या गावांना बारमाही रस्ता देणं हा तिचा उद्देश होता, आणि बारमाही रस्ता नसणं म्हणजे काय हे ज्याने भोगलं त्याच्यापुढे आडवळणाच्या सौंदर्याच्या गप्पा मारणं निलाजरेपणाचं आहे. माझं म्हणणं एवढंच की रुंदीकरण आणि जुना रस्ता यांत एकच काहीतरी निवडावं लागतं, हे खरं नाही. गावाला वळसा घालून नवा रस्ता काढला तर गावातली वाहतूकही कमी होते आणि जुना रस्ता गावापुरता उरतो. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला तेव्हा, 2020 साली, लोकांच्या रेट्यामुळे आखणीत बदल करून तो वाचवला गेला. एका झाडासाठी हे करता येत असेल तर वडांच्या रांगेसाठी निदान विचार करता येतो. तो बहुतेक वेळा केला जात नाही, कारण जुनी गटनोंद असलेल्या रस्त्याच्या बाजूने जमीन घेणं सोपं असतं आणि झाडाला सातबारा नसतो.

पेट्रोलचा आक्षेपही येईल. उगाच हिंडायला इंधन जाळायचं का? छोटी गाडी संथ वेगाने चालवली तर हवेचा विरोध फार कमी राहतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दीडशे किलोमीटरच्या अशा दिवसाला आठ-नऊ लिटर पेट्रोल पुरतं. महामार्गाने तिप्पट लांब जाऊन रिसॉर्टवर पडून राहण्यापेक्षा हे कमीच आहे. त्याहून खरं उत्तर मात्र लाल परीचं आहे. एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिल्यांदा निघाली तेव्हापासून गावरस्त्यांवरचं खरं वाहन तीच आहे, आणि खिडकीची जागा मिळाली तर आडरस्त्याचं निम्मं सुख तिकिटाच्या पैशांत मिळतं. निम्मं अशासाठी, की तिथे थांबणं आपल्या हातात नसतं. ज्याला गाडी नाही त्याने या लेखातला मार्ग दोन-तीन गाड्या बदलून करावा. मधल्या स्टँडवर जो तास जाईल तो वाया जाणार नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र तडजोड करू नये. खड्डे, कठडे नसलेले घाट, अचानक येणारी म्हैस ही सगळी वस्तुस्थिती आहे आणि ताशी 35 चा वेग तिच्यासाठीही लागतो. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर या रस्त्यांवर राहूच नये. मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या दिसण्याआधी अंगावर येतात. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर दिसलं तरी गाडी घालू नये, परत फिरावं.

राहता राहिली गर्दी. आज लेख लिहिला की उद्या तिथेही रांगा लागतील, अशी शंका कुणीही घेईल, आणि कास पठाराकडे पाहिलं तर ती रास्तही वाटते. 2012 साली पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारशात गेलं, आणि फुलं तुडवली जाऊ लागल्यावर रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून द्यावी लागली. पण कास हे एक ठिकाण आहे. गर्दी ठिकाणावर होते. माणमधल्या शाळूच्या शेतांना पार्किंग नाही, पॉइंट नाही, पाटी नाही. तीन लाख किलोमीटरच्या जाळ्यावर गर्दी करायची म्हटली तरी जमणार नाही, आणि जो तो आपल्या जवळचा पाऊस शोधू लागला तर महाबळेश्वरचीच रांग कमी होईल.

प्रत्येकाच्या जवळ असा एखादा पाऊस असतोच. नाशिककरांना इगतपुरीच्या भातखाचरांपासून घोटीमार्गे सिन्नरच्या कोरड्या माळापर्यंत अर्ध्या दिवसात जाता येतं. कोल्हापूरकरांना गगनबावडा ते जत. विदर्भात हेच चित्र उलटं आहे, तिथे पूर्वेकडे जावं तसा पाऊस वाढतो. वर्ध्याचा कापूस, काटोल-नागपूरची संत्री आणि मग वैनगंगेच्या बाजूला भात. त्यासाठी हंगाम दिवाळीनंतरचा बरा, कापूस वेचणी चालू असते आणि धानही कापणीला आलेलं असतं. भंडाऱ्याच्या पुढे मालगुजारी म्हणतात ते जुने तलाव लागतात. नकाशावर ते निळ्या ठिपक्यांसारखे दिसतील. त्यांच्यामधून जाणारा कुठलाही रस्ता चालेल.